भट्टीच्या विटा

लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यातली बरीचशी फोनवर गेली. मालक लांब समुद्राकाठी कोकच्या कारखान्यात आहेत आणि मी इथं शिराळ्याजवळच्या गावात, सासूबाईंच्या आणि उसाच्या सोबतीला.

त्यांचं काम मला ऐकून ऐकून पाठ झालं आहे. खनिज तेलातलं सगळं काढून झालं की जो काळा गाळ उरतो, त्याचा कच्चा कोक होतो. तो ओलसर असतो, पोटात वायू असतो. त्याचे तुकडे करून भट्टीच्या वरच्या तोंडातून आत सोडतात. भट्टी म्हणजे आडवं, जरा उतरतं, लांबच लांब लोखंडी नळकांडं. ते सावकाश फिरत राहतं आणि माल खाली सरकतो. खालच्या तोंडाला जाळ असतो. आधी पाणी उडतं, मग वायू निघून पेटतो, आणि लालभडक कोक दुसऱ्या नळकांड्यात पडतो. तिथं पाणी मारून गार करतात. मग तो टणक होऊन ॲल्युमिनियमच्या कारखान्यांना जातो.

एवढ्या जाळानं लोखंड कसं वितळत नाही, असं मी एकदा विचारलं. आतून विटांचं अस्तर असतं, म्हणाले. ते झिजलं की भट्टी बंद करून गवंडी आत उतरतात, आणि तेव्हाच यांना लांब रजा मिळते.

तेव्हापासून दुपारची पाळी सुटून फोन आला, की जेवलात का विचारायच्या आधी मी विटांचं विचारायची. सासूबाई म्हणायच्या, "तिकडं घर बांधतोय का काय ह्यो?"

"लय मजबूत हायत," हे सांगायचे आणि हसायचे.

गेल्या नागपंचमीलाही आले नाहीत. पूजेला मी हात जोडले आणि मनात म्हणाले, विटा पडू देत. कुणाला सांगितलं नाही.

पंधरा दिवसांत पडल्या. भट्टीच्या पत्र्यावर बाहेरून लाल डाग दिसला, एवढं सांगून यांनी फोन ठेवला. मग दोन दिवस फोनच नाही. आपणच मागून घेतलं, असं वाटून मी सारखी फोन लावत राहिले. तिसऱ्या दिवशी यांचा आवाज ऐकला. भट्टी एकदम थांबवली तर वाकते, म्हणून फिरवत फिरवत गार करावी लागली, तिथून हलता आलं नाही.

"मग कवा येताय?"

"न्हाई जमायचं गं. मागच्या बारीला विटा कुठं ढिल्या बसल्या त्ये मलाच ठावं हाय. गवंड्यांपाशी मीच पायजे."

मग तेच म्हणाले, "तूच ये की."

सांगलीच्या पलीकडं मी एकटी कधी गेले नव्हते. सासूबाईंनीच पिशवी भरायला घेतली. "जा की. ऊस काय पळून जातोय व्हय?"

तिथं खोली लहान होती. हे विटांच्या धुळीनं पांढरे होऊन यायचे, आम्ही दोन्ही वेळा एका ताटात जेवायचो. काम झाल्यावरही भट्टी हळूहळूच तापवावी लागते, नाहीतर नव्या विटा तडकतात. रोज संध्याकाळी मी विचारायची, किती तापली. अजून जरा सावकाश तापवा, असं ओठावर यायचं.

मग कोक सोडायचा दिवस ठरला आणि माझं तिकीटही. स्टेशनवर हे सांगत होते, या बारीला विटा अशा बसल्यात की बरीच वर्षं बघायला नको. त्यांचा चेहरा किती खुलला होता.

मी म्हणाले, "बरं झालं."