फक्कीतलं घर

दहावीत जायच्या आधी मला स्वतःची खोली मिळणार होती, आणि मिळण्याआधीच ती जायच्या बेताला आली.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. पाबळच्या अलीकडे, पत्र्याच्या एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, लग्नानंतरही काही वर्षं मेंढरांमागं हिंडले होते आणि आई त्यांच्याबरोबर. मग विहिरीला पाणी लागलं, मेंढरं विकली, आम्ही शेतकरी झालो आणि एकदाचं पक्कं घर बांधायचं ठरलं. बाहेरची खोली, स्वयंपाकाची खोली आणि दोन्हींच्या मधे माझ्या अभ्यासाची, आठ बाय दहाची. ही मधली मी दोन महिने भांडून मिळवली होती. मी भांडकुदळ आहे यावर आमच्या भावकीत कधी दुमत नव्हतं.

त्या दिवसांत शाळेच्या कपाटातलं एक पुस्तक मी घरी आणून ठेवलं होतं. घर बांधण्याआधी ते कागदावर काढणारी माणसं असतात, हे मुलांना चित्रांतून सांगणारं. आर्किटेक्ट हा शब्द मला तिथंच पहिल्यांदा भेटला. त्यातली घरं बर्फाच्या देशातली, धुराड्याची. त्यांच्याशी मला देणंघेणं नव्हतं, मी नुसत्या खिडक्या बघायचे. बाई दर शनिवारी पुस्तक परत मागायच्या आणि मी दर शनिवारी ते विसरायचे.

हिवाळ्यात एका सकाळी गवंडीमामांनी दोरी लावून आखणी केली. मोकळ्या रानात चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा, दारांच्या जागी रेघ सोडलेली. आप्पा एक चक्कर मारून आले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"ह्ये घर व्हय? कोकरं कोंडायची म्हणली तरी पुरायचं न्हाई."

रेघांत घर बारीकच दिसतं, भिंती उठल्या की नीट दिसेल, असं गवंडीमामा सांगत होते. आप्पांना ती सबब वाटली. त्यांचाही दोष नव्हता, अर्धं आयुष्य माळावर झोपलेल्या माणसाला कुठली खोली मोठी वाटणार? ते म्हणाले, मधली खोली काढा आन् बाहेरची मोठी करा. मामांनी पायानं रेघ पुसायला सुरुवात केली.

मला रडू आलं नाही, संताप आला. पळत जाऊन पुस्तक आणलं आणि त्यातलं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. मोकळ्यावर आखलेली खोली लहान भासते, तिच्यात आपलं सामान मांडून बघावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पुस्तकवाल्यांना आपलं घर काय ठाऊक, असं आप्पांनी विचारलं. मी धाकट्या बहिणीला हाताशी घेऊन पत्र्यातली बाज ओढत आणली आणि माझ्या खोलीत ठेवली. शेजारी टेबल म्हणून पिठाचा डबा. तरी चालायला जागा उरली. मामा पुसायचे थांबले, पण आप्पांचं समाधान होईना.

"तुझ्या आईला बगू दे," ते म्हणाले.

आई कांद्याच्या लागवडीतून चिखलाचे हात घेऊन आली. बाजेवर बसली, इकडंतिकडं बघितलं, मग जरा पाठ टेकते म्हणाली. आई दिवसाढवळ्या आडवी झालेली मी कधी पाहिली नव्हती. ती चक्क झोपली. उन्हात, नसलेल्या भिंतीकडं तोंड करून, घोरायलाही लागली.

आप्पा तिला उठवायला निघाले. रेघा ओलांडून चार पावलांत पोचले असते. पण ते वळसा घालून दाराच्या जागेशी गेले, बाहेर चपला काढल्या आणि मग आत शिरले. आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानातही नसावं. बाजेजवळ थोडा वेळ उभे राहिले आणि तसेच दारातून परत आले.

"मामा, पुसलेली रेघ परत मारा," ते हळू आवाजात म्हणाले. "आन् खोदाई तिकडच्या कडंनं सुरू करा. निजू द्या तिला."

माझा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ लाजही वाटली. दोन महिने मी माझ्या खोलीसाठी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि आईला खोली हवी का, हे मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं.