हॉलमधला पेट्रोल पंप

आत्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस दारातच अडखळतो. इतरांच्या हॉलमध्ये जिथे शोकेस असतं, तिथे या घरात पेट्रोल पंप उभा आहे. खराखुरा, लोखंडी, माणसापेक्षा हातभर उंच. डोक्यावर काचेचं उभं भांडं, कमरेशी लांब दांडा, कुशीला गुंडाळलेली रबरी नळी. वरून अर्धा लालभडक आणि खालून अर्धा गंजका, जणू कुणी रंगवता रंगवता जेवायला उठून गेलं. पाहुणा आधी पंपाकडे बघतो, मग घरातल्यांकडे, आणि विचारतो तो भाऊंना, कारण दारावरच्या पाटीवर नाव त्यांचं आहे. भाऊंना त्याचं एका दमात उत्तर देता यायला बरीच वर्षं लागली.

भाऊ म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. आत्या खरं तर भाऊंच्या एकुलत्या मुलीची आत्या. पण पंपावर जन्म काढल्यामुळे पेट्रोल भरायला येणाऱ्या सगळ्यांचीच झाली. लग्न का केलं नाही, याचं उत्तर तिनं कधी कुणाला दिलं नाही, तेव्हा ते इथेही मिळणार नाही. वडिलांच्या घरात ती भावाच्या संसाराबरोबर राहिली, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. खोलीत एक खाट, एक ट्रंक आणि खिडकीत कंगवा. भाऊ चारचौघांत कौतुकानं सांगायचे, "आमच्या ताईला काही म्हणजे काही लागत नाही." लोक माना डोलवायचे. वहिनीही डोलवायची, आणि ती वाईट बाई नव्हती. काही न लागणाऱ्या माणसाला घरात जागा कमी लागते, आणि ते सगळ्यांच्याच सोयीचं असतं, हे आत्याला फार लवकर कळलं होतं.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ती जुन्या रस्त्यावरच्या पंपावर कामाला लागली. मालकाकडे माणसं टिकत नव्हती, म्हणून त्यानं नाक मुरडत का होईना, तिला घेतलं. खाकी सदरा मिळाला तो एखाद्या पैलवानाच्या मापाचा. पहिल्याच आठवड्यात एका मोटारवाल्यानं काच खाली करून विचारलं, इथे कुणी माणूस नाही का. आत्या म्हणाली, "आहे की. मीच." त्याला ते पटलं नाही. त्यानं ठरवलं की आतला गडी चहा पिऊन येईपर्यंत थांबायचं. आत्यानं आत जाऊन गड्याला सांगितलं की घाई करू नकोस, आणखी एक कप घे. मोटारवाला उन्हात भाजत राहिला आणि ती शेजारच्या ट्रकमध्ये डिझेल भरत राहिली. पुढे तोच माणूस तिच्या रांगेत मुकाट उभा राहू लागला.

केबिनमागे विजेच्या आधीच्या काळातला हातपंप होता. वीज गेली की तो चालवावा लागे. दांडा मागेपुढे ओढायचा. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतून वर काचेच्या भांड्यात चढायचं, आणि तिथून नळीनं आपोआप गाडीत उतरायचं. दांडा ओढताना खांदे निखळायची पाळी यायची, म्हणून वीज गेली रे गेली की बाकीचे गडी अंग चोरायचे. आत्या बाह्या सरसावायची. विजेच्या मशीनवर लोकांचा भरवसा नव्हता; बाई भरतेय म्हटल्यावर तर मुळीच नव्हता. काटा पुढे ढकललास, माप मारलंस, काय वाटेल ते तोंडावर बोलायचे. पण काचेच्या भांड्यावर मापाच्या रेघा होत्या आणि पेट्रोल सगळ्यांच्या देखत त्या रेघेपर्यंत चढायचं. त्या काचेपुढे ब्र काढायची कुणाची प्राज्ञा नव्हती. आत्याला तो पंप आवडायचा तो एवढ्यासाठी.

मग गावाबाहेरून नवा रस्ता झाला, जुना ओस पडला आणि पंप बंद झाला. शेवटच्या दिवशी मालक म्हणाला, ज्याला जे हवं ते न्या. कुणी पंखा नेला, कुणी खुर्च्या, एकानं तर दार चौकटीसकट उपटलं. आत्यानं हातपंप मागितला. मालक हसला. भाऊही हसले, पण वहिनी म्हणाली, "असू द्या, कधी नव्हे ते काही मागितलंय," म्हणून रिकाम्या गॅरेजमध्ये ठेवायला परवानगी मिळाली.

परवानगी एका पंपाची होती. आत्यानं हळूहळू गॅरेजच भरलं. तेलाचे जुने डबे, 'धूम्रपान सक्त मनाई'च्या पाट्या, चाकातली हवा मोजायचं मीटर, बंद पडलेल्या पंपांचे दिवे. भंगारवाले तिला ओळखू लागले. वहिनी म्हणायची की या वयात बायका काय काय करतात आणि तुम्ही डबे गोळा करता. आत्या म्हणायची, ते काय काय तुम्ही करा, डबे माझ्याकडे राहू द्या.

या नादाला पुढे दोघं लागली, आणि सरळ वाटेनं एकही आलं नाही. पहिली भाची, म्हणजे भाऊंची मुलगी. दातांच्या डॉक्टरकीचं शिकत होती आणि विजेवर चालणारी स्कूटर फिरवत होती. पेट्रोलशी तिचा संबंध वासापुरतासुद्धा नव्हता. गॅरेजमध्ये ती आली ती फोनवर बोलायला, कारण घरात आईचे कान भिंतीतून ऐकायचे. पलीकडचा मुलगा काही महिन्यांत बाद झाला. भाची मात्र तिथल्या तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसायला येतच राहिली, आणि बसल्या बसल्या दात साफ करायच्या हत्यारानं पाट्यांवरचा गंज टोकरू लागली. एकदा उत्साहाच्या भरात तिनं तेलाचा एक डबा तेजाबानं असा घासला की गंजाबरोबर त्यावरची चित्रं-अक्षरं सगळी धुऊन गेली आणि हातात उरला चकचकीत पत्रा. ती रडकुंडीला आली. आत्यानं तो डबा फळीवर सगळ्यात पुढे मांडला. तेव्हापासून गॅरेजचा नियम ठरला: माती काढायची, गंज थांबवायचा, पण घासून नवं करायचं नाही आणि रंग तर लावायचाच नाही.

दुसरे टँकरमामा. ऐंशी ओलांडलेले, जन्मभर टँकर चालवलेले. ते आले भांडायला. टँकरमधलं तेल किती खोल आहे ते मोजायची त्यांची पितळी पट्टी कधी काळी पंपावर हरवली होती आणि ती आत्याच्या गॅरेजमध्ये भिंतीवर टांगलेली आहे असं त्यांच्या कानावर आलं. पट्टी त्यांचीच होती. आत्या म्हणाली, इतकी वर्षं आला नाहीत, आता ती भिंतीची झाली. मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या रविवारी ते उरलेलं भांडण करायला आले, त्याच्या पुढच्याही आले, आणि मग एकदा येताना नळीचं जुनं तोंड घेऊन आले. म्हणाले, पट्टीशेजारी हे लावा, एकटी बरी नाही दिसत. तेव्हापासून दर रविवारी तिघांची बैठक भरू लागली, आणि मामा दर वेळी सांगायचे की मी नुसता बघायला आलोय.

एका रविवारी तिघं मामांच्या भाच्याच्या टेम्पोतून लांबच्या भंगारबाजारात गेली. संध्याकाळी परतली तर गॅरेजमध्ये पंप नव्हता. त्याच्या जागी फरशीवर चार भोकं होती आणि दारापासून रस्त्यापर्यंत काहीतरी जड ओढत नेल्याचे ओरखडे.

भाऊ हॉलमध्ये टीव्ही बघत होते. त्यांनी सांगितलं ते असं, की नवी गाडी यायची आहे, तिला जागा हवी. शिवाय त्यांच्या मित्रानं नव्या रस्त्यावर हॉटेल काढलंय, त्याला दारात उभं करायला अशीच काहीतरी जुनी वस्तू हवी होती. म्हणून उद्घाटनाची भेट म्हणून देऊन टाकला. मित्र फार खूश झाला. भाषणात भाऊंचं नावही घेतलं.

"मला विचारलं नाहीस," आत्या म्हणाली.

"विचारून काय करायचं होतं? तू नाहीच म्हणाली असतीस."

भाऊंना यात काही चुकलंय असं मनापासून वाटत नव्हतं, आणि आत्याला भाजलं ते तिथेच. दुसऱ्याच्या वस्तूवर मोठेपणा मिरवून माणूस पाय पसरून टीव्ही बघत होता. आत्या खोलीत गेली आणि ट्रंकेच्या तळातून तिनं खाकी सदरा काढला.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी, हॉटेल गच्च भरलेलं असताना, टेम्पो फाटकात आडवा लागला. पंप दारातच होता. आत्या त्याच्याभोवती फिरून आली. रातोरात नखशिखान्त लाल रंग फासला होता. काचेच्या भांड्यात लुकलुकणारे दिवे कोंबले होते. जिथे तळहात घासून घासून दांडा गुळगुळीत झाला होता, तिथेही रंगाचा जाड थर होता. ती पंपाच्या चौथऱ्यावर बसली आणि भाचीला म्हणाली, "काच आधी काढ. ती फुटली तर मग मी कुणाचं ऐकणार नाही."

भाची शिडी लावून वर चढली. मामा पान्हा घेऊन खालच्या बोल्टांपाशी बसले, कारण एकदा बसल्यावर त्यांना उठवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. गिऱ्हाइकं घास हातात धरून बघत राहिली. हॉटेलवाला धावत आला. माणूस गोड होता. त्यानं आत्याला पाणी विचारलं, बसायला खुर्ची विचारली. सदरा बघून तर तो हरखलाच. म्हणाला, पंप इथेच राहू द्या. तुम्ही सुट्टीच्या दिवशी असाच गणवेश घालून शेजारी उभ्या राहा, लोक तुमच्याबरोबर फोटो काढतील, चहा-जेवण आमच्याकडे.

"मी याच्या शेजारी शोभेला उभी नव्हते," आत्या म्हणाली. "मी तो चालवत होते."

हॉटेलवाल्यानं भाऊंना फोन लावला. भाऊ कामावरून तसेच आले, लाजेनं कानांपर्यंत लाल होऊन. अर्ध्या गिऱ्हाइकांना ते ओळखत होते. त्यांनी आधी दबक्या आवाजात समजावलं, मग दटावलं, मग मित्राकडे बघून काखा वर केल्या. शेवटी त्यांच्या तोंडून खरं ते निघालं.

"ताई, लोक काय म्हणतील? आणि घरात याला जागा तरी कुठंय?"

आत्या उठून उभी राहिली. आवाज चढवायची तिला गरजच पडली नाही, कारण हॉटेलात चमचासुद्धा वाजत नव्हता.

"जन्मभर मी त्या घरात एका ट्रंकेएवढ्या जागेत राहिले. ताईला काही लागत नाही, असं तू सगळ्यांना सांगायचास आणि मी ऐकून घ्यायची. ते खोटं होतं. मला लागतं. हा मला लागतो. आणि घर बापाचं आहे, बाप तुझ्या एकट्याचा नव्हता, आपल्या दोघांचा होता. आता हा गॅरेजमध्येसुद्धा जाणार नाही. हॉलमध्ये राहील. धर तिकडून."

भाऊंनी इकडेतिकडे बघितलं. मामांचं बोल्ट काढणं झालं होतं, भाची काच पोटाशी धरून टेम्पोत बसली होती, आणि पंप उचलायला एक माणूस कमी पडत होता. तो माणूस तेच होते, यात शंका घ्यायला जागा नव्हती. त्यांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि खालची बाजू धरली. हॉटेलवाल्याचे दोन वेटर न सांगता मदतीला आले. हॉटेलवाल्याला पुढे आत्यानं एक जुना दिवा पाठवला. माणूस गोड होता, हे तिला मान्य होतं.

घरी शोकेस हलवावं लागलं. वहिनी आधी फुरंगटली, मग तिनंच जमिनीवर गोधडी घातली, फरशीला ओरखडे नकोत म्हणून. पुढे कित्येक रविवार भाची, मामा आणि आत्या पंपाभोवती बसून लाल रंग खरवडत राहिली. भाची दातांच्या हत्यारानं, मामा खिशातल्या चाकूनं. पाया मोकळा झाला, दांडा मोकळा झाला, जुना तळहाताचा गुळगुळीतपणा पुन्हा हाताला लागला. कमरेपर्यंत आल्यावर आत्या म्हणाली, बास. भाचीला वाटलं, दमली. पण तसं नव्हतं. वरचा रंग सोफ्यावरून समोर दिसतो, आणि सोफ्यावर भाऊ बसतात.

सुरुवातीला पाहुण्यानं विचारलं की भाऊ विषय बदलायचे. मग म्हणायचे, आमच्या ताईचा छंद आहे. मग म्हणायचे, मोठी गोष्ट आहे, सांगतो कधीतरी. आत्या आतून ऐकत असायची.

परवा भाऊंचे नवे साहेब सहकुटुंब आले. दारातच थबकले. हे काय, कुणाचं, आणि इथे कशासाठी, असं त्यांनी एकदमच विचारलं. भाऊ चहाचे कप मांडत होते. त्यांनी मान वर केली नाही, आवाजही खाली घेतला नाही.

"ताईचा आहे," ते म्हणाले. "तिला लागतो."