फुलाबाईंचं रविवारचं फळ

उत्रोलीच्या फुलाबाई गेली तीस वर्षं लग्नाचं जेवण करतात. भोर तालुक्यात आचारी पुष्कळ आहेत, पण मोठ्या पातेल्यावर उभी राहणारी बाई ही एवढीच. त्यांच्या मटणाच्या रश्श्यासाठी लोक आधी त्यांना विचारतात आणि मग लग्नाची तारीख धरतात. ज्या घरांत त्यांच्या सासूला ओंजळीत वरून पाणी ओतायचे, त्या घरांतली माणसं आज त्यांच्या पातेल्याचं बूड खरवडतात. "त्यांनी जात न्हाई सोडली, त्यांना भूक लागली," असं फुलाबाई म्हणतात आणि पुढच्याला वाढतात.

तर ह्या बाईंना अठ्ठावन्नाव्या वर्षी साखर निघाली. गुडघे दुखतात म्हणून भोरला गेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि कागदावर एकेक पदार्थ खोडायला सुरुवात केली. भात कमी, गोड बंद, मटण महिन्यातून एकदा. रोज एक फळ मात्र खायचं. फक्त आंबा, केळं, चिकू, सीताफळ सोडून.

"म्हंजी खान्यासारखी हायेत ती सोडून," फुलाबाई म्हणाल्या.

त्यांच्या घरात उपासतापास कधी नव्हते, त्यामुळे फळ खायला तसं निमित्तच मिळालं नव्हतं. फळ म्हणजे दवाखान्यात कुणाला बघायला जाताना न्यायची वस्तू. सफरचंदाचा त्यांना चार दिवसांत वीट आला. पेरूच्या बिया कवळीत अडकल्या. आठव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आपण साखरेनं मरू, पण कंटाळ्यानं मरणार नाही.

सूनबाई सारिका अंगणवाडीत आहे. नको ते गोड बोलून पोरांच्या पोटात घालणं हे तिचं रोजचं काम. तिनं सासूला सांगितलं की दर रविवारी मी स्टँडसमोरून एक कधी न पाहिलेलं फळ आणते. तुम्ही नुसतं चाखा आणि कसं आहे ते सांगा. त्या घरात चवीबाबत शेवटचा शब्द फुलाबाईंचाच असतो. मान मिळतोय म्हटल्यावर त्या तयार झाल्या.

पहिल्या रविवारी किवी आली. सोलून खायची असते हे सारिका सांगेपर्यंत फुलाबाईंनी लवेसकट अर्धी संपवली होती. जीभ चुरचुरली. दुसरं कुणी थुंकलं असतं. फुलाबाई विचारात पडल्या. कच्च्या पपईनं जीभ अशीच चुरचुरते, आणि कच्च्या पपईनंच जून बोकड मऊ होतो. त्यांनी लगेच नवऱ्याला अर्धा किलो मटण आणायला पिटाळलं, उरलेल्या दोन किवी वाटून त्याला चोळल्या आणि दुपारभर ठेवून दिलं. शिजवल्यावर हाडं एका बाजूला आणि मटणाची खीर दुसऱ्या बाजूला. पथ्याच्या फळापायी घरात मटण शिजलं, आणि टाकायचं कसं म्हणून ते पथ्यवालीनंच संपवलं.

पुढच्या खेपेला अवोकाडो. तो इतका कडक निघाला की त्यांचे यजमान नागसेन, जे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, त्यांनी हातोडी आणू का म्हणून विचारलं. मग तो आंब्यासारखा तांदळात पुरला. पिकल्यावर फुलाबाईंनी मीठ, कांदा, हिरवी मिरची घालून भाकरीबरोबर खाल्ला. निकाल असा दिला की हे लोणीच आहे, पण म्हशीनं मन लावून दिलेलं नाही.

तिसऱ्या महिन्यात आलं ड्रॅगन फ्रूट, आतून गडद लाल. त्या रविवारी सारिका दोन फळं आणून ठेवून नवऱ्याबरोबर, आकाशबरोबर, वेल्ह्याला माहेरी गेली होती. नागसेननी ते भडक रूप बघूनच हात जोडले. फुलाबाईंनी दोन्ही फळं एकटीनं खाल्ली. चवीला काही नाही, पण घशाखाली कसं सुरेख उतरतं, असं त्या मला कुंपणावरून सांगत होत्या. मी त्यांचा शेजारी. ह्यातलं बरंचसं मला कुंपणावरूनच कळलेलं आहे.

सोमवारी सकाळी त्या संडासात गेल्या आणि त्यांना लघवीला लाल झालं.

त्यांच्या थोरल्या बहिणीला असंच रक्त जात होतं आणि ती चार महिन्यांत गेली. फुलाबाईंनी हातपाय धुतले, चहा केला, नवऱ्याला दिला. त्याला काही सांगितलं नाही, कारण तो रडत गावभर करून आला असता. मरणाची भीती वाटली का, असं मी त्यांना नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, भीती वाटली, पण त्याच्या आधी येत्या रविवारचं गुंजवणे गावातलं लग्न डोळ्यांसमोर आलं. अडीचशे पान होतं. रस्सा कोण करणार?

दुपारच्या एसटीनं सारिका आली, तशी त्यांनी तिला आत बोलावून दार लावलं.

"वही घे. सांगते तसं लिही."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. लग्न होऊन आल्यापासून अकरा वर्षं सारिका सासूबरोबर कामाला जात होती, पण मसाला पडायच्या नेमक्या वेळी तिला कढीलिंब आणायला बाहेर धाडलं जायचं. तिनं कधी विचारलं नाही, कारण विचारून उत्तर मिळणार नाही हे तिला माहीत होतं. आता सासू भराभरा सांगत होती. धणे किती, सुकं खोबरं किती, कांदा सालासकट निखाऱ्यात कसा काळा करायचा. आणि रश्श्याला तो दाटपणा कशानं येतो: भाजलेल्या नाचणीचं पीठ, दर पन्नास माणसांमागं एक मूठ.

सारिकाचं पेन थांबलं. "आत्या, आजच का सांगताय हे?"

"मला लाल जातंय," फुलाबाई म्हणाल्या. "आक्काला गेलं तसं."

सारिकानं वही मिटली, रिक्षा बोलावली आणि सासूला तशीच भोरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, काल काय खाल्लं. फुलाबाईंना वाटलं मटणाची चौकशी चाललीय, म्हणून त्या दोडक्याची भाजी, एक भाकरी असं सोज्वळ काहीतरी सांगत राहिल्या. शेवटी सारिकानं फळाची आठवण दिली. आतून लाल होतं का, डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि त्या हसायलाच लागल्या. ते फळ खाल्लं की असं होतं, म्हणाल्या. तरी खात्री म्हणून त्यांनी लघवी तपासली, त्यात रक्ताचा थेंब नव्हता. तीन महिन्यांची साखर काढली, तीही बरीच खाली आली होती.

एवढी चांगली बातमी ऐकून कुणाचं तोंड इतकं उतरलेलं सारिकानं कधी पाहिलं नव्हतं. रिक्षात बसल्यावर त्यांनी हात पुढं केला आणि वही मागितली.

"घ्या," सारिका म्हणाली. "पाठ झालंय."

तीन दिवस फुलाबाई कुणाशी धड बोलल्या नाहीत. खरंच काही निघालं असतं तर एवढं लागलं नसतं, असं त्या मला नंतर म्हणाल्या, आणि त्यांना तसंच म्हणायचं होतं.

रविवारी मात्र गुंजवण्याला मांडवामागं त्या पालथ्या घमेल्यावर जाऊन बसल्या आणि सारिकाला म्हणाल्या, येतंय तर कर आता. सारिकानं वही न बघता रस्सा केला. रंग आला, तवंग आला. फुलाबाईंनी पळीभर तळहातावर घेऊन चाटला आणि पुन्हा पळी बुडवली. ती दुसरी पळी सारिका अकरा वर्षं ओळखून होती.

"काय राहिलं?"

फुलाबाईंनी पदराची गाठ सोडली. आत महाडहून मागवलेली तिरफळं होती, कोकणात मासळीच्या कालवणात घालतात ती. त्यांनी मोजून दोन मुठी ठेचल्या आणि पातेल्यात टाकल्या. ह्या वेळी कढीलिंब आणायला कुणाला धाडलं नाही.

"हे त्या दिवशी सांगितलं नव्हतं," सारिका म्हणाली. "मरत होतात, तरी?"

"मरत व्हते. येडी झाले नव्हते."

सारिकाला हसू आवरेना. फुलाबाईंनी तिला झाकण कधी ठेवायचं, वास डोक्यात जायच्या आत कधी काढायचं, ते पुढं वाकून समजावून सांगितलं.

पंगती उठल्यावर दोघी टेम्पोच्या सावलीत जेवायला बसल्या. सारिकानं पिशवीतून त्या रविवारचं फळ काढलं, पॅशन फ्रूट. ते कापल्यावर आत बियांचा पिवळा आंबट बुळबुळीत गर निघाला. फुलाबाईंनी बोटानं चाखलं, डोळे बारीक केले, आणि अख्खं फळ चोखून साल फेकून दिली.

"ह्याचं सार व्हईल," त्या म्हणाल्या. "पुढच्या लग्नाला डझनभर आन."