पायपेटीवरून उठवलेला टेलर

आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या टेलरमास्तरांना कोट उत्तम जमतो, यात वाद नाही. वाद घालायला माणूस मोकळा असावा लागतो, आणि मास्तरांसमोर तो बहुधा हात पसरून, अंगभर टाचण्या लावून घेऊन उभा असतो. "डावा खांदा पडलाय तुमचा," असं ते सांगतात, आणि खांदा आपणच निष्काळजीपणाने कुठेतरी पाडल्यासारखं गिऱ्हाईक ओशाळतं. अशा गिऱ्हाइकांत जन्म काढल्यावर सगळं जग आपल्या मापाने उभं राहील असं वाटणारच.

रविवारी हा गृहस्थ देवळातल्या उपासनेत पायपेटी वाजवी. पायाने भाते असे हाणी, की स्तवन देवाचं चाललंय की पेटीचं, ते कळू नये. कडवं संपलं तरी मास्तर संपत नसत. शेवटच्या सुराला ते झालर लावीत, झालरीला गोंडे लावीत, आणि मंडळी तोंड उघडं ठेवून वाट बघे. नम्रतेवरचं गीत ते विशेष ठसक्यात वाजवीत.

एका रविवारी इस्त्रीवाल्या आजी आल्या. नवऱ्याला पुरल्यानंतर पहिल्यांदाच आल्या होत्या, आणि गीत नेमकं त्याच्या आवडीचं निघालं. त्या गाऊ लागल्या. सूर भलतीकडेच गेला होता, हे खरं. मास्तरांनी पेटी थांबवली आणि मान वळवून म्हणाले, "आजी, तुम्ही नुसते ओठ हलवा." मग पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आम्ही बाकीचे आपापल्या चपलांकडे बघत राहिलो. आजींनी पुस्तक मिटलं, आणि त्यानंतर त्या देवळाकडे फिरकल्याच नाहीत.

मास्तरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. शिस्त पाहिजे, ते म्हणाले. शिस्तीवर त्यांचं फार प्रेम होतं. मात्र ती दुसऱ्याच्या अंगावर शिवलेली असावी लागे.

मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे आमचे पाळक, कोटाच्या ट्रायलला आले. अंगात अर्धा कोट, बाह्यांना टाचण्या. त्या अवस्थेत ते म्हणाले, "मास्तर, हा उन्हाळा संपेपर्यंत पेटीला हात लावायचा नाही. लोकांत बसायचं आणि गायचं. आणि आधी आजींकडे जाऊन यायचं."

"मला शिक्षा?"

"हो. मला टाचण्या टोचतायत तरी मी हललोय का? तुम्हीही हलू नका."

"आणि पेटी कोण वाजवणार?"

"तुमची सून."

"तिला येतं कुठे?"

"तुम्ही शिकवलं नाहीत म्हणून येत नाही."

"मी दुसऱ्या मंडळीत जाईन."

"जा. मग मला रोज तिकडे यावं लागेल तुम्हाला आणायला. माझे गुडघे दुखतात, तेवढा विचार करा."

पाळकांनी रागावून हाकललं असतं, तर मास्तरांचं फावलं असतं. अन्याय झालेला माणूस म्हणून ते आयुष्यभर छाती काढून हिंडले असते. पण पाळक रोज संध्याकाळी दुकानात यायचे, स्टुलावर बसून चहा प्यायचे आणि अस्तराच्या कापडावर गप्पा मारायचे. विषय काढायचे नाहीत, निर्णयही बदलायचे नाहीत. अशा माणसाचं काय करावं?

मास्तर एकदा दुसऱ्या मंडळीत जाऊनही आले. तिथे ड्रम होते.

"काय म्हणतायत तिकडचे?" बायकोने विचारलं.

"कान गेले माझे."

"आता कळलं आम्ही कसे बसायचो ते," बायको म्हणाली. "अहो, जा ना त्या म्हातारीकडे. त्या पेटीपेक्षा तुमचा भाता मोठा झालाय."

गेले एकदाचे. आजी इस्त्री करत होत्या. मास्तरांनी माफीही आपल्याच मापाने कापली. "तुमचा सूर चुकतो, पण मी ते बोलायला नको होतं."

आजींनी इस्त्री उभी ठेवली. "माझा सूर देवाला माहीत आहे रे. तुझा कुणी ऐकलाय? कधी गायलास तू?"

मास्तर आठवू लागले. आठवेना.

"येते रविवारी," आजी म्हणाल्या. "तुला ऐकायला."

आणि खरोखर आल्या, मास्तरांच्या शेजारीच बसल्या. जेमतेम चार गीतं बसवलेल्या सुनेने पेटी घेतली. पहिल्याच कडव्यात एक भयानक गोष्ट उघडकीला आली: इतकी वर्षं गीतं वाजवणाऱ्या या माणसाला त्यांतले शब्द ठाऊक नव्हते. पुस्तकात बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखा, तो ओळ शोधत होता. आवाज म्हणाल तर दाराची बिजागरी बरी.

तिसऱ्या कडव्यात सून अडखळली. बोटं चुकली, भाते थांबले. अख्खी मंडळी मास्तरांकडे वळली. मास्तर अर्धे उठलेच. तीन ढांगांत पेटी होती, आणि सून घाबरून जागा सोडायला निघालीच होती. पाळकांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आजी मात्र थांबल्या नव्हत्या. त्यांचं आपलं चालूच होतं, मोठ्याने आणि बेसूर.

मास्तर खाली बसले. मान लाल झाली होती. त्यांनी ओळ शोधली आणि आजींच्या मागोमाग, त्यांच्याच चुकलेल्या सुरात, गायला लागले. त्या दोघांचं ऐकून सुनेने अंदाजाने एक सूर धरला, मग दुसरा.

इतकं वाईट गाणं आमच्या देवळात कधी झालं नव्हतं. कडवं मात्र जिथे संपायचं तिथेच संपलं.