तीन टिंबांचा मिस्त्री

आमच्या मिलच्या थोरल्या भागीदाराने ठोके मिस्त्रींना फसवलं. पैशात नाही, पगार महिन्याच्या महिन्याला मिळत होता. त्याने मिस्त्रींची खूण खोट्या मालावर मारली आणि माल फुटला तेव्हा मिस्त्रींकडे बोट दाखवलं. जालन्याच्या लोखंड बाजारात ही गोष्ट आजही उलटी सांगतात, म्हणून मला ती सरळ सांगायची आहे. मी त्याच मिलचा धाकटा भागीदार होतो. भांडखोर म्हणून माझं नाव आहे आणि ते मी कमावलेलं आहे. पण इथे लिहितोय ते सगळं माझ्यासमोर घडलेलं आहे.

मिस्त्री जवळजवळ बहिरे होते आणि लोखंड ऐकून पारखायचे. नवख्याला हे खरं वाटत नसे. पंचवीस वर्षं रोलिंग मिलच्या गडगडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. गर्डर रुळांतून लाललाल निघायचा, जाळीवर पसरून थंड व्हायचा, की हे त्याच्या टोकाशी उकिडवे बसत. डावा तळवा लोखंडावर टेकवत, डोळे मिटत आणि उजव्या हाताने छोट्या हातोडीचा एक ठोका देत. तो ठोका तळव्यात कसा येतो यावर निकाल. चांगल्या गर्डरमधला ठोका "पळत जातो" म्हणायचे. आत खोट असली तर "मधीच बसतो." पास झालेल्या नगाच्या टोकावर ते पोलादी ठशाने तीन टिंबं उमटवत. नापास नगावर चुन्याची फुली, आणि तो नग तुकडे करून पुन्हा वितळायला. पुढे पुढे परभणी-हिंगोलीकडचे दुकानदार मिलचं नाव विसरले. "तीन टिंबांचा आहे का?" एवढंच विचारायचे.

आमची ओळख भांडणातूनच झाली. हातगाडीवर भंगार गोळा करत करत मी तेव्हा नवीन जालन्यात, स्टेशनच्या बाजूला, पत्र्याची एक शेड घेतली होती. मिलला भंगार विकायचो आणि मिळालाच तर स्वस्तात एखादा गर्डर उचलायचो. एकदा फुली मारलेले पाच नग जाळीजवळ दिसले. म्हटलं, हे अर्ध्या भावात पदरात पाडून घेऊ.

"मिस्त्री, हे मला द्या. एकाला गोठा बांधायचाय."

"काय?"

मी ओरडून पुन्हा सांगितलं.

"गोठ्यात काय ठिवनार?"

"म्हशी!"

"जित्या का मेलेल्या?"

मी तापलो. म्हटलं, "अहो, दिसायला तर एकदम सरळ आहेत, कुठं चीर नाही, काही नाही!"

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "दिसायला तुमी बी बराबर दिसून राह्यले, भंगारशेठ."

भट्टीवरची माणसं हसली. त्या दिवसापासून मी मिलमध्ये भंगारशेठ झालो. पुढे भंगारात कमावलेले पैसे घालून मिलमध्ये भागीदार झालो तरी मिस्त्रींनी ते नाव सोडलं नाही. पाच नग मात्र मला मिळाले नाहीत. त्यांनी माझ्यासमोर ते गॅसने कापून घेतले आणि शेवटचा तुकडा मला हातात दिला. वरून सलग असलेलं लोखंड कापलेल्या तोंडाशी दोन पदरी होतं, जुन्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं.

तसं का होतं, हे मला त्यांनीच शिकवलं. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून ठोकळा करतात. ठोकळा थिजताना आकसतो आणि त्याच्या वरच्या भागात, डोक्यात, पोकळी राहते. ते डोकं कापून टाकलं तर खालचा माल भरीव. नाही कापलं, तर ती पोकळी रुळांत दाबली जाते आणि गर्डरच्या पोटात लांबच लांब फट होऊन झोपते. बाहेरून काही दिसत नाही. डोकं किती कापायचं यावर मिस्त्री बिलकुल तडजोड करत नसत. मी पुढे कुणावर तरी आरडाओरडा केला की ते लांबून म्हणायचे, "भंगारशेठ, जरा वरून कापून घ्या. पोकळ वाजून राह्यलं." असं मला दुसरं कुणी बोललं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती.

खरं सांगायचं तर त्यांच्याशी माझं जमलं ते माझ्या आवाजामुळे. बहिऱ्या माणसाशी बोलणं हे कष्टाचं काम आहे. लोक एकदा सांगतात, दोनदा सांगतात, मग हातानेच "जाऊ द्या" म्हणतात. असे हजारो "जाऊ द्या" त्या माणसाने पाहिले असतील. चहाच्या वेळी कामगार घोळक्याने हसत आणि मिस्त्री हातात कप धरून, काय झालं ते न कळता, एक क्षण उशिरा हसत. माझा आवाज मुळातच मोठा, आणि चिडलो की मिलच्या फाटकापर्यंत जाणारा. ते एकदा म्हणाले, "घरच्यांचं ऐकू येत न्हाई, मालकांचं ऐकू येत न्हाई. तुमचं तेवढं येतं. तुमी रोज येत जा आन् कुनावर तरी चिडत जा." मी रोज जायला लागलो. भावाच्या निमित्ताने जायचो, पण जायचो.

ते मिलच्या मागच्या खोलीत एकटे राहत. बायको लवकर गेली होती. मुलगी टेंभुर्णीला दिलेली. खोलीत एक खाट, स्टोव्ह आणि एक खुंटी. दिवाळीला मुलीकडे जात आणि दोन दिवसांत परत येत. मी विचारलं, "एवढ्या जल्दी? जावई नीट वागत नाही का?"

"जावई सोन्यासारखा हाय. पर तिथली जमीन हालत न्हाई."

मला कळलं नाही. मग त्यांनी पायातली चप्पल काढून पाऊल जमिनीवर ठेवलं आणि मलाही ठेवायला लावलं. मिल चालू होती. जमीन बारीक थरथरत होती. तेवढीच त्यांची सोबत. वीज गेली, रूळ थांबले की बाकीचे विड्या ओढायला बाहेर पळत, आणि मिस्त्री भिंतीला टेकून, कुणी घरातून उठून गेल्यासारखे बसून राहत. सुट्टीच्या दिवशी मी एकदा सहज गेलो, तर बंद मिलमध्ये, गार रुळांवर हात ठेवून बसलेले. मी आल्याचं त्यांना कळलं नाही. मीही हाक न मारता परत आलो. का, ते आजही सांगता येत नाही. माझ्याकडे आवाज होता आणि मी तो वापरला नाही.

मी भागीदार झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी बियाण्याच्या तीन मजली गोदामाचं काम आलं. आजवरचं सगळ्यात मोठं. पोती मजल्यावर रचली जाणार, म्हणजे प्रत्येक गर्डरवर डोंगराचा भार. थोरल्या भागीदाराला घाई होती. त्याने ठोकळ्यांचं डोकं निम्मंच कापायला सांगितलं. मग व्हायचं तेच झालं. मिस्त्री बसायचे, ठोका द्यायचे आणि फुली मारायचे. फुल्यांचा ढीग कंबरेएवढा झाला.

"मिस्त्री, तुमचा हात म्हातारा झाला," थोरला म्हणाला.

मिस्त्रींना ऐकू गेलं नाही. मी ओरडून सांगितलं. त्यांनी हातोडी थोरल्यापुढे धरली. "मंग तरणा हात लावून बघा."

आठवड्याने तो ढीग नाहीसा झाला. थोरला म्हणाला, वितळायला गेला. माणसाची पापणी हलली तरी मी भाव ओळखतो, पण त्या दिवशी मी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. काम वेळेत जात होतं, मला बरं वाटत होतं.

गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर चढवताना एक गर्डर मधोमध उभा उकलला. खाली उभ्या असलेल्या एका फिटरच्या पायावर त्याचा अर्धा भाग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअर, ठेकेदार, फिटरची माणसं, मिलची माणसं, अशी वीस-बावीस जणं तिथे जमली. फुटलेल्या नगाच्या टोकावर तीन टिंबं होती.

जीपमधून तिथे जातानाच थोरल्याने मला सांगितलं होतं. त्याने लेथवाल्याकडून तसाच दुसरा ठसा करून घेतला होता आणि फुल्या पुसून तो ढिगावर मारला होता. म्हणाला, "तू गप्प बस. हे काम गेलं तर मी उभा राहीन, तू परत हातगाडीवर जाशील."

मिस्त्रींना मिलमधून आणलं. ते नेहमीसारखे उकिडवे बसले. तळवा टेकवला. ठोका दिला. मग टिंबांवरून अंगठा फिरवला.

"हा माझा न्हाई."

"खूण तुमची आहे," इंजिनिअर म्हणाला.

"माझ्या ठशाचं मधलं टिंब झिजलंय. उथळ पडतं. हे बघा, तिन्ही सारखे खोल हायेत."

थोरला हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हाताऱ्याला ऐकू येत नाही आणि हा कानाने माल पास करतो. चूक आमचीच, आम्ही ठेवला." दोघं-तिघं हसले. मिस्त्रींना शब्द कळले नाहीत, पण हसणं दिसलं. आणि या खेपेला ते एक क्षण उशिरासुद्धा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"भंगारशेठ, बोला की. तुमचं मला ऐकू येतं."

मी बोललो नाही. पाच रुपयांसाठी दुकान डोक्यावर घेणारा मी, तिथे उभा राहून गर्डरकडे बघत राहिलो. हातगाडीचा दांडा मला तळहातात जाणवत होता.

मिस्त्री उठले. मिलवर जाऊन त्यांनी खाटेवरची वळकटी बांधली आणि ठसा भंगाराच्या ढिगात टाकला. जाफराबादच्या गाडीने मुलीकडे टेंभुर्णीला गेले.

दोन महिन्यांनी माझं आणि थोरल्याचं भांडण झालं ते मिलच्या फाटकात, शंभर माणसांसमोर, आणि मी भागीदारी सोडली. लोक समजले हिश्शावरून झालं. मी दुसरं दुकान टाकलं, ते चाललं. टेंभुर्णीला जायचं धाडस व्हायला मात्र मला चार वर्षं लागली.

मिस्त्री मुलीच्या अंगणात बाजेवर बसले होते. अंगाने निम्मे झालेले. मुलीने चहा ठेवला आणि म्हणाली, "काका, दिसभर जमिनीला पाय लावून बसतेत. काय बोलत न्हाईत." मी जवळ बसून मोठ्याने माफी मागितली. शेजारचे लोक दारात आले. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या फिटरचा पाय?"

"लंगडतो. पण कामावर आहे."

"बरं झालं." मग त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "मला खर्चापानी काय नको, शेठ." भंगारशेठ म्हणाले नाहीत. "ज्यांच्यासमोर म्हनले, त्यांच्याच समोर येकदा म्हना, का तो माझा न्हवता. बास."

मी जालन्याला येऊन थोरल्याकडे गेलो. तो म्हणाला, "एका बहिऱ्यासाठी आता सभा भरवू का?" मी टेबलावरची काच फोडली, त्याने मला हाकलून दिलं. मिस्त्रींना काय सांगायचं म्हणून मी टेंभुर्णीला पुन्हा गेलो नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले. मुलीचं पत्र दुकानावर आलं, तेव्हा दहावाही होऊन गेला होता.

त्या सकाळी गोदामावर जमलेल्यांपैकी बहुतेक अजून हयात आहेत. मी एकेकाच्या घरी गेलो. फिटरकडे आधी गेलो. प्रत्येकाला सांगितलं की ठसा दुसरा होता, मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. काहींनी बसायला सांगितलं, एकाने दार लावून घेतलं, फिटरने शिव्या दिल्या. त्या मी उभ्याने ऐकल्या. माझ्या वाट्याचा जाब मी दिला आहे.

आता थोरल्या भागीदारांनी द्यावा. हल्ली ते सत्कारांना जातात, पोलादाच्या दर्जावर भाषणं करतात. तसंच एकदा उभं राहायचं आहे. जागा त्यांनी ठरवावी, वेळ त्यांनी ठरवावी, ती माणसं मी गोळा करून आणतो. दुसरा ठसा कुणी करून घेतला, एवढं एकच वाक्य त्यांनी त्यांच्या तोंडाने बोलायचं आहे. यात भाव होणार नाही.