पॅसेंजर गेली की पूल आपला

परवा आमच्या सासूबाईंना अचानक पूल बघायची हुक्की आली. सुरत लाइन बाजूला सरकल्यापासून नुसता पडून असलेला जुना दगडी रेल्वेपूल... त्यावर आता सायकल ट्रॅक झालाय. अख्खं नंदुरबार तिथे सेल्फी काढून आलं, तेव्हा यांना काही वाटलं नव्हतं.

फक्त बघून येऊ, म्हणाल्या. पण हातात बिबड्यांची पिशवी होती. ज्वारीचे पापड घेऊन कोणी पूल बघायला जात नाही, एवढं मलाही कळतं...

पुलापलीकडे त्यांच्या थोरल्या बहिणीचं गाव. माझ्या दिराच्या लग्नाची पत्रिका आम्ही मावशींना व्हॉट्सॲपवर पाठवली, अक्षता घेऊन घरी कोणी गेलं नाही. तेव्हापासून दोघींचा अबोला. आईंना एकच धास्ती... आपण दारात गेलो आणि ताईने पाठ फिरवली तर?

माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून निघाल्या खऱ्या. पण पुलाच्या तोंडाशी आलो आणि खाली उतरल्या.

“थांब जराशी. पॅसेंजर येवानी शे.”

मी समजावलं की इथले रूळ कधीच उचलले, आता गाडी पलीकडच्या नव्या पुलावरून जाते. ऐकतील तर शपथ! त्यांच्या लहानपणी दोन्हीकडची माणसं याच पुलावरून पायी ये-जा करायची. नियम एकच... सांजची पॅसेंजर जाऊ द्यायची, मग पूल आपला. पाहुणे यायचे ते गाडी गेल्यावरच.

मला वाटलं, धीर होत नाहीये म्हणून वेळ काढतायत. खरं सांगते, थोडी चिडलेही. सायकलवाली पोरं घंटा वाजवत बाजूने जात होती आणि आम्ही दोघी फाटक बंद असल्यासारख्या उभ्या...

शेवटी नव्या पुलावरून गाडी धडधडत गेली. शेवटचा डबा दिसेनासा झाला, तशा आई पदर खोचून कॅरिअरवर बसल्या.

पुलाच्या दुसऱ्या टोकाला, कठड्याला टेकून मावशी उभ्या होत्या. आम्ही काहीच कळवलं नव्हतं. माझे तर पायच थांबले पॅडलवर.

आई खाली उतरल्या, पण पुढे होईनात. मग मावशीच आल्या, आधी हातातली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, “कितला उशीर करा वं तू. पॅसेंजर गई का रोज येस मी आठे.”

रोज... ट्रॅक सुरू झाल्यापासून रोज. फोन करायचा नाही, निरोप धाडायचा नाही, पण गाडी गेली की पुलाशी येऊन उभं राहायचं. पाहुणं आलंच तर याच वेळेला येणार, हे बहिणीला ठाऊक होतं. दोघी रडल्या, मीही रडले.

परतताना पिशवी तितकीच जड होती, फक्त आत आता मावशींच्या बिबड्या होत्या.

हा पूल न पाडता सायकलींना देणाऱ्याचं भलं होवो. आणि पॅसेंजरला मी आजवर फार नावं ठेवली... यापुढे ठेवणार नाही.