दोन ढिगांमधली वीट

रविवारी बाजारातून घरी आलो की बायको पिशवी ओट्यावर उपडी करते आणि म्हणते, "कोथिंबीर विसरलासा. आता कुणाचं काय झालं ते सांगा, ते बरोबर आणलं असणार!" खरं आहे. भाजी दोन दिवसांत संपते, किस्से मात्र साठत जातात. फ्रिजमध्ये ठेवायचीही गरज नाही.

मी बेळगावातल्या वडगावचा. घरात पॉवरलूम, आठवडाभर कानात खडखड. रविवारी माग बंद, म्हणून सकाळीच शहराच्या मध्यावर भरणाऱ्या शेतकरी बाजारात. फलकावर कन्नडमध्ये 'रैतर संते' असं लिहिलंय. पिरनवाडीच्या फ्लॅटमधली पोरं त्याला 'फार्मर्स मार्केट' म्हणतात, आणि आम्ही नुसतं 'रविवारचं'. नियम एकच, मध्ये दलाल नाही. ज्यानं पिकवलं त्यानंच विकायचं.

आता नियम म्हटला की पुढचं आलंच.

*

एकदा एक बहाद्दर चक्क सफरचंदं घेऊन बसला. बाजार बघणारे एक साहेब आहेत, सज्जन माणूस, ते त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"कुठली सफरचंदं ही?"

"आमच्याच शेतातली, सायेब."

"बेळगावात सफरचंद येतं?"

"आता हवा बदललीया की!"

साहेबांनी एक फळ उचललं. त्यावर चकचकीत इंग्रजी स्टिकर. "आणि हे?"

त्यानं स्टिकरकडं नीट बघितलं, जणू आत्ताच दिसला. "नवी जात हाय, सायेब. संगटच येतंय."

साहेबांना हसू आवरेना. त्याला उठवलं, पण उठवताना दोन किलो विकत घेतली.

*

माझी नेहमीची जागा म्हणजे पिंपरणीच्या झाडाखालची ओळ. तिथं दोन माणसं शेजारीशेजारी बसतात. एक कडोलीची पारूआक्का. साठी उलटलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि तोंड असं की गिऱ्हाईक भाजी घेऊन जातं का बोलणी खाऊन जातं तेच कळत नाही. दुसरे खानापूरकडचे मल्लाप्पा, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. दोघांच्याही पुढ्यात पोत्यावर मेथी. दोन ढिगांच्या मध्ये एक वीट.

ही वीट म्हणजे हद्द. सीमाभागातली माणसं आम्ही, हद्द म्हटली की आमच्या अंगात येतं! आणि ह्या दोघांचं तर बोलणंच बंद. मग भांडायचं कसं? मधल्या माणसातून. तो मधला माणूस बहुतेक मीच असतो.

"अण्णा," आक्का माझ्याकडं बघून म्हणते, "त्यास्नी सांगा, वीट चार बोटं हिकडं सरकलीया."

आप्पा हातभर अंतरावर. सगळं ऐकू येतंय. तरी माझ्याकडं बघून म्हणतात, "त्यास्नी सांगा, वीट न्हाय सरकली, त्यांचं पोतं फुगलंया!"

मी निरोप्या. दोन्हीकडं मान हलवायची आणि भाजी घ्यायची.

*

एकदा आक्काकडं एक माणूस आला. आक्कानं सवयीनं "बन्नी, बन्नी", म्हणजे 'या, या', म्हटलं आणि त्यानंही कन्नडमध्ये भाव विचारला. झालं! पाव तास दोघांची कन्नडमध्ये घासाघीस. आक्काचं कन्नड बाजारापुरतं, त्याचंही तसंच दिसत होतं, दोघंही शब्दाशब्दाला अडखळत होते. शेवटी एकदाचा भाव ठरला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"व्हय गं, आलोच. ही आक्का लई चिवट हाय, कमीच करंना झालीया."

आक्कानं मेथीची पेंडी परत ढिगावर ठेवली. "आरं, मराठीच की तू! मग मगापासनं माझा जीव का काढलास?"

"तुम्हीच बन्नी बन्नी म्हणलासा, आक्का!"

"बरं, असू दे."

"मग द्या की पेंडी."

"तो भाव कन्नडमधला हुता," आक्का म्हणाली, "मराठीत पयल्यापासनं ठरवू."

*

माझा मेव्हणा निपाणीचा. त्याला एकदा बरोबर नेलं, ती माझी चूक. प्रत्येक ढिगापुढं उभा राहून एकच वाक्य, "आमच्या निपाणीला ह्याच्या निम्म्यात मिळतंय!" वांगी निम्म्यात, रताळी निम्म्यात, ढबू मिरची तर जवळजवळ फुकट.

आक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "मग येताना आणायची न्हाय व्हय, पावणं? मी बी घेतली असती!"

मेव्हणा त्यानंतर आलेला नाही. बाजाराचा असाही एक फायदा.

*

एका रविवारी कॉलेजातली एक पोरगी मोबाइल घेऊन आली. "अंकल, तुमचा रील करू? एकदम नॅचरल बसा हं." आप्पा नॅचरल बसले म्हणजे श्वास रोखून, आधार कार्डाच्या फोटोला बसतात तसे. ती म्हणाली, "नीट नाही आला, पुढच्या रविवारी परत करू."

पुढच्या रविवारी आप्पा आले ते केस काळेकुळकुळीत करून! मिशीसुद्धा. इस्त्रीचा शर्ट. पोरगी आली, रील झालं, अख्ख्या ओळीनं मोबाइलला डोकी लावून बघितलं. त्यात होती मेथी. मेथीवर पाणी शिंपडणारा एक हात होता. बाकी आप्पा कुठंच नाहीत.

आक्का माझ्याकडं वळली. "अण्णा, त्यास्नी सांगा, बोटांस्नी बी कलप लावाया पायजे हुता."

आप्पांनी सांगायला लावलं नाही, स्वतःच तोंड फिरवून बसले. पण त्यांचे खांदे हलत होते, मी बघितलं.

*

तर अबोला कशावरून? आता ते सांगतोच.

भवानी तुम्हाला ठाऊक आहे. दिवसाची पहिली विक्री. ते पैसे आधी कपाळाला लावायचे, मग खिशात. पहिल्या गिऱ्हाइकाला रिकामं पाठवायचं नाही, आणि शेजाऱ्याची भवानी तर तोडायचीच नाही. हातघाईवर आलेलं भांडणसुद्धा भवानी होईस्तवर थांबतं, असा हा बाजार.

फार वर्षांमागं एका सकाळी आक्काची पहिली गिऱ्हाईक पेंडी हातात घेऊन पर्स उघडत होती. तेवढ्यात आप्पा ओरडले, "ताई, हिकडं या, मोठी पेंडी हाय!" ती बाई गेली की तिकडं! आक्कानं ढीग पोत्यात भरला आणि न विकता कडोलीला परत गेली. तेव्हापासून बंद ते बंद.

आप्पांचं एकच पालुपद, "तिची भवानी झाली न्हाय ते मला काय ठावं?"

आणि आक्काचं एकच, "इचारायचं हुतं."

साहेबांनी दोघांना जागा बदलून देऊ केली होती. दोघंही म्हणाली, "मी का उठू? त्यास्नी सांगा!"

*

ह्या वर्षी आक्काचे गुडघे बोलायला लागले. बसली की उठवायला दोन माणसं लागायची. पोरांनी ऑपरेशन ठरवलं आणि वर सांगितलं, आता बाजार बास.

आक्कानं हे मला मेथी निवडत निवडत सांगितलं. "बास म्हणं! ह्या जागेवर बसून मी पोरांस्नी शिकिवलं, आन् आता मलाच घरात बसिवत्यात." डोळे भरून आले होते. "अण्णा, मी परत येणार हाय बगा. पर जागा ऱ्हाईल का? जागा एकदा मोडली की मोडली."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. बाजारात कुणाची जागा लिहून दिलेली नसते. पोतं दिसतंय तोवर जागा.

आप्पा पलीकडून म्हणाले, "त्यास्नी सांगा, एवढं काय न्हाय. मोकळी झाली की माझं पोतं सरकवीन म्हणतो. मला बी अडचणच हुतीया."

"बघा!" आक्का म्हणाली. "बघा, अण्णा, कसं हाय ते!"

मलासुद्धा राग आला. त्या दिवशी मी आप्पांकडून काही घेतलं नाही.

*

पुढचा रविवार. आक्का दवाखान्यात. मी मुद्दाम लवकर गेलो, जागेचं काय झालं बघावं म्हणून.

आप्पांनी पोतं पसरलं होतं. पण दोन! एक आपलं, त्यावर मेथी. दुसरं विटेच्या पलीकडं, आक्काच्या जागेवर, रिकामं, चार कोपऱ्यांवर चार दगड. एक ढबू मिरचीवाला क्रेट घेऊन आला आणि म्हणाला, "आप्पा, ही जागा मोकळी दिसतीया."

"न्हाय," आप्पा म्हणाले, "माणूस गेलंया, यील."

मग विक्रीला सुरुवात झाली. त्या दिवशी मेथीला तुफान मागणी. तासाभरात निम्मा ढीग गेला. माझा राग गेला होता, मीही दोन पेंड्या घेतल्या आणि पिशवीत घातल्या. आप्पांनी त्यातलीसुद्धा एक निवडून मोठी दिली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आक्का! ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते, आवाज बारीक, पण धार तीच.

"अण्णा, बाजारात हायसा न्हवं? शेजारी हायत का ते?"

मी स्पीकर चालू केला. "आहेत."

"त्यास्नी इचारा, वीट कुठं हाय?"

आप्पा फोनकडं नाही, माझ्याकडं बघत म्हणाले, "त्यास्नी सांगा, वीट हाय तितंच हाय."

तिच्या मागं कुठली तरी नर्स कन्नडमध्ये कुणाला तरी दटावत होती.

मग आक्का म्हणाली, "अण्णा, त्यास्नी इचारा, भवानी झाली का?"

आप्पांनी समोरच्या निम्म्या ढिगाकडं बघितलं. मग माझ्या पिशवीकडं. पिशवीतून त्यांच्याच मेथीचे शेंडे बाहेर आले होते.

"त्यास्नी सांगा," आप्पा म्हणाले, "अजून न्हाय झाली."

"मग एक पेंडी माझ्या नावानं घ्या, अण्णा. पैसं तुम्ही द्या तिथं. आन् मोठी बघून द्या म्हणावं!"

मी नोट पुढं केली. आप्पांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळे मिटून कपाळाला लावली. मग माझ्या हातातला फोन ओढून घेतला, तोंडाजवळ धरला आणि अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असे ओरडले, "झाली गं, पारू! भवानी झाली!"